पेडल हळूहळू खाली जातं, ऑइल कमी होतं, पण जमिनीवर थेंब नाही: दोष मास्टर सिलेंडरचा आहे का, आणि असेल तर तो कसा बदलायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही, क्लच केबलचा. राहणं चिपळूणला आणि दर आठवड्याला कुंभार्ली घाटातून कराडला जाणं-येणं. दोन महिन्यांपूर्वी पुढचे पॅड बदलले, तेव्हाच ब्रेकची एअरही काढून घेतली. त्यानंतर ब्रेकवर पाय ठेवून उभं राहिलं की पेडल हळूहळू खाली सरकतं, पाय उचलून पुन्हा दाबलं की वर येतं. डबीतलं ब्रेक ऑइल महिन्यात बोटभर उतरतं, पण गाडीखाली ओल नाही. एक गॅरेज म्हणतं बूस्टरसकट (पायाचा जोर व्हॅक्यूमने वाढवणारा डबा) सगळं बदला. दुसरं म्हणतं नुसतं किट (आतल्या रबरी सीलांचा संच) टाकतो, तासाभरात गाडी न्या. कोणाचं ऐकायचं आणि हे घरी जमेल का?

आधी एक सांगतो. निदान होऊन दुरुस्ती संपेपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका. पाय ठेवल्यावर खाली जाणारं पेडल सपाट रस्त्यावर दुसऱ्या दाबाला वर येतं, म्हणून माणूस महिनोन्‌महिने चालवत राहतो. उताराच्या वळणावर दुसरा दाब द्यायला वेळ मिळेलच असं नाही. कराडला जायचंच असेल तर सध्या एसटीने जा.

आता तुमच्या लक्षणांकडे येऊ. तुम्ही दोन तक्रारी एकत्र सांगितल्या आहेत आणि दोन्ही गॅरेजनी त्यातली एकेकच ऐकलेली दिसते. पेडल खाली जाणं ही एक गोष्ट आणि ऑइल कमी होणं ही दुसरी. मास्टर सिलेंडरमध्ये, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइलवर दाब तयार करणाऱ्या भागात, या दोन्हींची कारणं वेगळी असतात. ते कळलं की बाकीचं कळायला सोपं जातं.

पेडल दाबलं की बूस्टरमधली दांडी मास्टर सिलेंडरच्या पहिल्या पिस्टनला ढकलते, आणि त्याच्यापुढे दुसरा पिस्टन असतो. दोघांसमोर ऑइलच्या स्वतंत्र खोल्या. तुमच्यासारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत विभागणी सहसा तिरपी असते: एक खोली पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक सांभाळते, दुसरी उरलेली दोन. एक लाइन फुटली तरी दुसरीवर गाडी थांबते, फक्त पेडल खोल जातं आणि थांबायला अंतर जास्त लागतं. प्रत्येक पिस्टनवर रबरी कप असतो. पेडल मोकळं असताना डबीतून खोलीत येणारं बारीक भोक उघडं असतं. कप त्या भोकापुढे सरकला की भोक बंद होतं आणि तिथून दाब तयार व्हायला लागतो. जोरात ब्रेक मारल्यावर हा दाब सहज ७० बारच्या पुढे जातो. तुमच्या टायरमध्ये हवा असते ती साधारण २ बार. एवढा दाब त्या कपाच्या पातळ कडेने अडवून धरायचा असतो.

कपाची कड झिजली किंवा चिरली तर ऑइल कपाला वळसा घालून मागे, म्हणजे डबीच्याच बाजूला परत जातं. पेडल खाली सरकतं, पण ऑइल बाहेर कुठेच गेलेलं नसतं, त्यामुळे डबीची पातळी तशीच राहते. हा आतला लीक. पहिल्या पिस्टनच्या मागच्या टोकाला आणखी एक सील असतं. त्याचं काम ऑइल बूस्टरमध्ये जाऊ न देणं. नेहमीच्या बनावटीत या सीलवर ब्रेकचा दाब येतच नाही, फक्त डबीतल्या ऑइलचं वजन येतं. म्हणून ते गेलं तर ऑइल कमी होतं, पण केवळ त्यामुळे पेडल पायाखाली सरकत नाही.

म्हणजे तुमच्या गाडीत दोनच सरळ शक्यता उरतात. एक तर मास्टरचा कप आणि मागचं सील दोन्ही गेले आहेत. दोन्ही एकाच पिस्टनवर, एकाच वयाचे, तेव्हा हे अगदी शक्य आहे. नाहीतर गळती पुढे कुठेतरी, चाकाशी किंवा पाइपला आहे आणि तिच्या एकटीमुळेच पेडलही जातं नि ऑइलही. दुसरी शक्यता तपासल्याशिवाय मास्टरला हात लावायचा नाही. मागच्या ड्रममधला व्हील सिलेंडर (लायनर बाहेर ढकलणारा छोटा सिलेंडर) गळणं हे मास्टर गळण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा पाहायला मिळतं, आणि ते ऑइल आधी ड्रममधली धूळ आणि लायनर पितात. जमिनीवर थेंब यायला बराच काळ जातो.

पॅड झिजले तरी डबीतली पातळी उतरते, कारण कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिस्टन बाहेर येत जातो आणि त्याच्यामागची जागा ऑइल भरतं. पण ते वर्षभरात हळूहळू होतं. तुमचे पॅड नवे आहेत, तेव्हा महिन्याला बोटभर उतरणं हा लीकच आहे. तुमच्याकडे क्लच केबलचा आहे म्हणून एक भानगड कमी. ज्यांचा क्लच ऑइलवर चालतो त्यांच्या बऱ्याच गाड्यांत क्लचलाही ब्रेकच्याच डबीतून ऑइल जातं. तिथे क्लचचा सिलेंडर गळत असेल तरी लोक ब्रेक खोलून बसतात.

घरी करायच्या तपासण्या सांगतो. पहिली पायाची. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल आणि पेडल कडक होईल. मग पाय हलका ठेवा, गाडी उतारावर जेमतेम थांबवायला लागेल एवढाच जोर, आणि मिनिटभर तसाच धरा. इथे बहुतेक जण जीव खाऊन दाबतात आणि पेडल थांबलं की मास्टर चांगला आहे असं ठरवतात. जोराच्या दाबाने कपाची कड सिलेंडरच्या भिंतीवर घट्ट दाबली जाते आणि छोटी चीर तात्पुरती मिटते. हलक्या दाबाला कड तेवढी पसरत नाही, म्हणून दोष तिथे उघडा पडतो. दोन्ही दाबांनी पाहा, पण विश्वास हलक्यावर ठेवा. यानंतर पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल एकदाच थोडं खाली जाऊन थांबलं तर बूस्टर त्याचं काम करतोय. पुष्कळ जण हाच हिसका दोष समजून घाबरतात.

पेडल नुसतं खोल जातं पण दुसऱ्या दाबाला वर येऊन घट्ट उभं राहतं, तर आधी मागच्या लायनरचं ॲडजस्टमेंट पाहा. स्पंजसारखं दबतं तर एअर. दगडासारखं कडक आहे आणि गाडी थांबत नाही, तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूमचा पाइप. तुमचं यांपैकी एकही नाही.

दुसरी तपासणी चाकांची. गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावून, मागून जॅकवर उचला आणि स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही. हँडब्रेक सोडा, ड्रम काढा. अडकला असेल तर बहुतेक ड्रमना आट्यांची दोन भोकं असतात, त्यात बोल्ट सारखे पिळत गेलं की ड्रम सुटतो. धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. व्हील सिलेंडरच्या दोन्ही टोकांच्या रबरी टोप्यांची कड हळूच उचला. आत किंचित ओलसरपणा चालतो. ऑइल ओघळलं तर तो सिलेंडर गेला. ओघळ सापडलाच तर भिजलेले लायनर धुऊन परत लावू नका. दोन्ही चाकांचे बदला, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढेल. पुढे कॅलिपर, होजपाइप आणि मागे जाणारे लोखंडी पाइप टॉर्चने पाहा. कोकणात बॉडीखालचे पाइप क्लिपांच्या जागी आधी गंजतात, कारण क्लिपमागे चिखल आणि ओल साचून राहते. कुठे ओल दिसली आणि ती कशाची ते कळत नसेल, तर बोटावर घेऊन पाण्याच्या वाटीत सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. इंजिन ऑइल आणि ग्रीस वर तरंगतं.

तिसरी तपासणी डबीची. झाकण काढा, कोणालातरी पेडल दाबायला सांगा आणि तुम्ही टॉर्च लावून आत बघा. चेहरा थोडा लांब ठेवा, डोळ्यात उडालं तर फार झोंबतं. दाब सुरू होताना छोटी उसळी येते ती नैसर्गिक आहे, भोक बंद व्हायच्या आधी थोडं ऑइल परत येतंच. पेडल धरून ठेवलेलं असताना आत ऑइल सारखं ढवळत राहिलं तर कपाला वळसा घालून ऑइल मागे जातंय.

आणि आता मुख्य जागा. मास्टरचं मागचं तोंड बूस्टरच्या पुढच्या कप्प्यात शिरलेलं असतं, आणि इंजिन चालू असेपर्यंत त्या कप्प्यात व्हॅक्यूम असतो. मागचं सील सैल झालं की इंजिन स्वतःच ऑइल ओढून बूस्टरमध्ये घेतं, ब्रेक न मारतासुद्धा. तुमच्या पार्किंगमध्ये थेंब न दिसण्याचं कारण माझ्या मते इथे आहे. बाहेरून खूण एकच मिळते: मास्टरच्या जोडाखाली बूस्टरच्या पत्र्यावरचा रंग फुगलेला किंवा सोललेला. ब्रेक ऑइल रंग खातं. पण खूण नसली म्हणून सुटका नाही. व्हॅक्यूम पाच-सहा दाबांनी संपवा, मास्टर बूस्टरला धरणारे दोन नट काढा, आणि पाइप न सोडता मास्टर अलगद सेंटिमीटरभर पुढे ओढा. पाइप तेवढी लवचीक असतात, मात्र वाकवायची नाहीत. फटीतून पांढरं फडकं आत फिरवा. दांडीवर घट्ट ग्रीस असणं बरोबर आहे. पातळ, पिवळट, पाण्यात विरघळणारं काही निघालं तर निकाल लागला.

एबीएस असलेल्यांसाठी एवढंच: त्या गाड्यांत मॉड्युलेटरमधला (एबीएसचा दाब कमी-जास्त करणारा भाग) व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तरी पेडल असंच सरकतं आणि पातळी कमी होत नाही. तिथे मास्टरच्या आउटलेटना बुच मारून पाहावं लागतं. बुच मारल्यावर पेडल दगडासारखं उभं राहिलं तर मास्टर निर्दोष, दोष पुढे.

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: हे सगळं एअर काढल्यानंतर सुरू झालं. रोजच्या वापरात पिस्टन सिलेंडरच्या थोड्याच लांबीत मागेपुढे होतो. पुढचा भाग वर्षानुवर्षं वापरात येत नाही आणि ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत असल्यामुळे तिथे गंज, खड्डे, चिकट गाळ धरतो. कोकणातल्या हवेत ऑइल वेळेवर बदललं नाही तर हे जास्तच. एअर काढताना पेडल तळापर्यंत मारलं की दहा वर्षांचा कडक झालेला कप त्या खडबडीत भागावरून घासत जातो आणि त्याची कड फाटते. पॅड बदलणाऱ्याने वाईट हेतूने काही केलेलं नाही, पण जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवूनच एअर काढली पाहिजे, म्हणजे पेडल नेहमीच्या टप्प्यापुढे जातच नाही. तुमच्या पुढच्या मेकॅनिकला हे जरूर सांगा.

आता किट की पूर्ण मास्टर? जुने मास्टर बिडाचे असत. त्यांना आतून होन मारून (घासून गुळगुळीत करून), पॉलिश करून नवे वॉशर टाकले की वर्षानुवर्षं चालत, आणि ज्यांनी ते काम केलंय त्यांचा हात अजूनही तिकडेच जातो. हल्लीचे मास्टर ॲल्युमिनियमचे, आतला पृष्ठभाग ॲनोडाइझ केलेला. त्याला होन मारला की तो कडक पातळ थर निघून जातो आणि खालचं मऊ ॲल्युमिनियम नवा कप लवकर खातं. तुमच्या गाडीत कप फाटण्याचं कारणच बहुधा आतला खराब पृष्ठभाग आहे. नवा कप त्याच पृष्ठभागावर बसवून काय साधणार? घाटात चालणाऱ्या गाडीला मी किट टाकणार नाही. पूर्ण मास्टर घ्या.

बूस्टर मात्र सरसकट बदलू नका. तो स्वतंत्र तपासा. इंजिन चालू केल्यावर पेडल थोडं खाली जातं का? इंजिन बंद करून दहा मिनिटांनीही पहिले एक-दोन दाब मऊ येतात का? पेडल दाबताना डॅशबोर्डखाली फुस्स आवाज सतत येतो का? पहिल्या दोन्हींचं उत्तर होय आणि तिसऱ्याचं नाही असेल, तर मास्टर काढल्यावर आत साचलेलं ऑइल सिरिंजला नळी लावून ओढून घ्या, फडक्याने कोरडं करा आणि बूस्टर राहू द्या. वाटीभर ऑइल निघालं, किंवा डायफ्रामचं रबर फुगून मऊ पडलेलं असेल, तर पहिल्या गॅरेजचं म्हणणं बरोबर ठरेल. अंदाजाने एवढा खर्च करू नका.

मास्टर घेताना चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. एबीएस असलेल्या आणि नसलेल्या मॉडेलचे मास्टर बाहेरून सारखे दिसतात, पण आतला व्यास आणि आउटलेटची संख्या वेगळी असू शकते. नकली पार्टचा बाजार मोठा आहे, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या. जुना-नवा शेजारी ठेवून आउटलेटचे आटे, फ्लँजची (बूस्टरला टेकणारी चपटी कड) भोकं आणि दांडी बसते त्या खोबणीची खोली जुळवा. ऑइल डॉट ३ की डॉट ४ ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. कोरड्या अवस्थेत डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश आणि डॉट ४ चा २३० अंश सेल्सिअस; ओल शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. लांब उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये जुनं ऑइल उकळून वाफ होते ती यामुळेच. एक लिटर सीलबंद ऑइल आणा. अर्धी उरलेली जुनी बाटली वापरायची नाही. सिलिकोनचं डॉट ५ वेगळ्या जातीचं असतं, ते यात मिसळत नाही. आणि या यंत्रणेत पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, स्टिअरिंग ऑइल यांचा थेंबही जाता कामा नये. यातलं रबर त्याने फुगतं आणि मग नुसता मास्टर नाही, चारही चाकांचे सील आणि होज बदलावे लागतात.

घरी जमेल का? तुम्ही याआधी ड्रम खोलून लायनर बदलले असतील, योग्य पाने असतील आणि पेडल दाबायला समजूतदार माणूस असेल तर जमेल. पाना पहिल्यांदाच हातात घेत असाल तर हे काम त्यासाठी नाही. खालचं वाचून चांगल्या मेकॅनिककडून करून घ्या.

पाइपाचे नट मऊ असतात आणि साध्या फिक्स पान्याने त्यांचे कोपरे गोल होतात. फ्लेअर पाना वापराच, बहुतेक छोट्या गाड्यांना १० मिमीचा लागतो. आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. आजूबाजूच्या रंगावर जाड फडकी पसरा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. ऑइल सांडलं तर पुसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. सिरिंजने डबी रिकामी करा, पातळीच्या सेन्सरची वायर काढा, पाइप सोडा आणि तोंडांवर रबरी टोप्या घाला, म्हणजे धूळ जाणार नाही आणि ऑइल गळत राहणार नाही. व्हॅक्यूम संपवलेला आहे याची पुन्हा खात्री करून दोन नट काढा आणि मास्टर सरळ पुढे घ्या. जोडातली रबरी रिंग किंवा गॅस्केट बूस्टरलाच चिकटून राहिलेलं असेल तर ते काढा. जुन्यावर नवं बसवलं की बसणी चुकते.

नव्या मास्टरला डबी बसवताना ग्रॉमेट (डबीच्या जोडातल्या रबरी रिंगा) नवे घ्या, त्यांना ब्रेक ऑइलच लावा. ग्रीस नाही.

आता ज्या पायरीवर सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती: बूस्टरच्या दांडीची लांबी. दांडीचं टोक आणि पिस्टनची खोबण यांत मिलिमीटरच्या काही अंशाएवढी फट हवी. फट नसली तर पिस्टन कायम थोडा पुढे ढकललेला राहतो, ते बारीक भोक झाकलं जातं आणि तापून फुगलेल्या ऑइलला डबीत परतायला वाट उरत नाही. गाडी पाच-सहा किलोमीटर ठीक चालते, मग ब्रेक आपोआप धरायला लागतात, चाकं तापतात, शेवटी गाडी हलत नाही. फट फार जास्त असली तर पेडल पोकळ खाली जातं. मोजायला डेप्थ गेज उत्तम. नसेल तर दांडीच्या टोकावर मुलांच्या खेळातल्या मातीची छोटी गोळी लावा, मास्टर बसवून नट आवळा, पुन्हा काढा आणि गोळी किती चपटी झाली ते मोजा. मग माती अगदी स्वच्छ पुसा. फटीचा नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, काही कंपन्या तो व्हॅक्यूम लावून मोजायला सांगतात. योग्य पार्ट असेल तर बहुधा काही बदलावं लागत नाही, पण मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. रस्त्यावर ब्रेक धरून बसलेच, तर गाडी थंड होऊ द्यायच्या आधी मास्टर-बूस्टरचे दोन नट दोन-तीन फेरे सैल करा. चाकं सुटली तर दांडी लांब आहे. नाही सुटली, आणि चाकाचं निपल (एअर काढायचा स्क्रू) उघडल्यावर सुटली, तर ऑइल अडकलंय, बऱ्याचदा आतून सुजलेल्या होजमुळे. त्यानेही नाही सुटली तर कॅलिपर जाम आहे. तपासून झालं की नट पुन्हा आवळा आणि गाडी टो करून न्या.

गाडीवर चढवण्याआधी मास्टरची एअर बाहेरच काढा. व्हाइसमध्ये फ्लँजने धरा, सिलेंडरच्या अंगाने धरला तर तो चेपतो. दोन्ही आउटलेटना नळ्या लावून त्यांची टोकं डबीतल्या ऑइलमध्ये बुडवा. गोल टोकाच्या लाकडी दांड्याने पिस्टन सावकाश, थोडा थोडा आत ढकला आणि तितकाच सावकाश सोडा. आधी मोठे बुडबुडे येतील, मग बारीक, मग बंद होतील. घाई केली तर एअरचा फेस होतो आणि तो निघता निघत नाही. जो मेकॅनिक ही पायरी गाळतो त्याला नंतर चाकांवरून लिटरभर ऑइल वाया घालवूनही पेडल मऊच मिळतं.

बसवताना मास्टर बूस्टरच्या स्टडवर नुसता ठेवा, नट आवळू नका. आधी पाइपाचे नट हाताने दोन-तीन आटे लावून घ्या. मास्टर थोडा हलत असतो तेव्हा आटे सरळ बसतात. आधी मास्टर घट्ट केला की पाइप तिरके लागतात आणि ॲल्युमिनियमचे आटे एका फेऱ्यात जातात. मग मास्टरचे नट, मग पाइपाचे. छोट्या गाड्यांत मास्टरचे नट साधारण १३ आणि पाइपाचे साधारण १६ न्यूटन-मीटरला आवळतात, म्हणजे लहान पाना, मनगटाचा जोर. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

एअर काढायला मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे ते मागचं डावं. तिरप्या विभागणीत त्यानंतर त्याच लाइनचं पुढचं उजवं, मग मागचं उजवं, शेवटी पुढचं डावं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तेव्हा मॅन्युअल एकदा बघा. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये. पेडलवरचा माणूस सावकाश दाबून धरेल, तुम्ही निपल उघडाल, ऑइल येईल, निपल बंद कराल, आणि मगच तो पाय उचलेल. निपल उघडं असताना पाय उचलला तर एअर परत आत. डबी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. प्रत्येक चाकावर स्वच्छ, नव्या रंगाचं ऑइल येईपर्यंत चालू ठेवा, म्हणजे जुनं ओल धरलेलं ऑइलही निघून जाईल. मास्टर नवा असला तरी पेडलखाली ठोकळा ठेवा.

झाल्यावर तीच हलक्या पायाची तपासणी, इंजिन बंद आणि मग चालू. पेडल मिनिटभर जागचं हलता कामा नये. प्रत्येक जोड कोरडा पुसून, कोणालातरी जोरात दाबून धरायला लावून, कोरड्या कागदाने पुन्हा पुसून पाहा. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात २० च्या वेगाने, हँडब्रेकवर हात ठेवून. मग सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर, आणि थांबल्यावर चारही चाकांजवळ हाताचा पंजा न्या. पुढची दोन सारखी गरम, मागची दोन सारखी कोमट असावीत. एखादं जास्त तापलं असेल तर दांडीची फट आणि ते चाक पुन्हा बघा.

डबीवर पातळीपाशी मार्करने रेघ मारा आणि आठवडाभर चिपळुणातच फिरवा. रेघ जागच्या जागी राहिली, तर कुंभार्लीला न्यायला हरकत नाही. पातळी उतरली, तर नुसतं ऑइल ओतून पुढे जाऊ नका. मास्टरचा जोड पुन्हा सेंटिमीटरभर ओढून पांढरं फडकं फिरवा, मागचे ड्रम पुन्हा काढा, आणि काय सापडलं ते फोटोसकट इथेच लिहा, मी बघतो.